थांबलेलं उत्तर

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी दोन मराठी मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, वाघोडियाजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत. सरांनी दोघांना आयरिसच्या १५० फुलांची मापं दिली. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरल्यापासून ही मापं जगभर सरावाला घेतात: प्रजाती तीन, प्रत्येकीची ५० फुलं, दर फुलाची चार मापं. सरांनी प्रजातींची नावं झाकली. "तीन गट पाडा. प्रत्येक फूल आपल्या गटाच्या मध्यापासून किती लांब, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज जितकी कमी तितके गट चांगले."

मुलाने तीन मध्य अंदाजाने मांडले. फुलं जवळच्या मध्याकडे गेली, मध्य सरकले, पुन्हा वाटणी झाली. थोड्याच फेऱ्यांत सगळं थांबलं. गट ३३, २१ आणि ९६ फुलांचे, बेरीज १४२.७५.

"सर, आता एकही फूल हलत नाही. हेच उत्तर."

"अरे, थांबलं म्हणजे पोचलं असं नसतं. सुरुवात दुसरीकडून केली असतीस तर दुसरीकडे थांबू शकलं असतं."

मुलीने उज्ज्वल मौलिक आणि संघमित्रा बंद्योपाध्याय यांनी २००० साली मांडलेली पद्धत घेतली. तीन मध्यांची चार-चार मापं, म्हणजे बारा आकड्यांची एक ओळ. अशा पुष्कळ ओळी तिने केल्या, मुलाची ओळही त्यांत घातली. कमी बेरजेच्या ओळींना पुढच्या पिढीत जास्त जागा. दोन ओळी तोडून एकमेकींना जोडायच्या. एखादा आकडा मुद्दाम बदलायचा. सर्वांत चांगली ओळ जपून ठेवायची.

"इतक्या वाईट ओळी ठेवतेस कशाला?" मुलाने विचारलं.

"ही बघ. हिची बेरीज तुझ्याहून जास्त आहे, पण हिचा तिसरा मध्य मोठ्या पाकळ्यांच्या फुलांत नेमका बसलाय. तेवढाच तुझ्या ओळीत आला, तर तुझा ९६चा ढीग फुटेल."

काही पिढ्यांनी तसंच झालं. बेरीज ७८.८५ वर आली, गट ५०, ६२ आणि ३८. मुलाच्या उत्तरात दोन गटांत फाटलेली सेटोसा प्रजातीची फुलं आता सगळी एकत्र होती.

सरांनी नावं उघडली, तेव्हा १६ फुलं तरीही चुकीच्या गटात निघाली: १४ व्हर्जिनिका, २ व्हर्सिकलर. या दोन प्रजातींची मापं एकमेकांत मिसळतात. नुसत्या अंतरांच्या बेरजेने ती पुरती सुटत नाहीत.