नित्यनेमाचा आधार



गाणगापूर क्षेत्री पिढ्यानुपिढ्या एक क्रम चालत आला आहे. पहाटे काकड आरती, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, माध्यान्ही मधुकरी आणि रात्री शेजारती. श्रीगुरू आजही भरदुपारी कोणत्या तरी रूपाने तेथे भिक्षेस येतात, अशी आपल्या बिदर-कलबुर्गी भागाची श्रद्धा आहे. म्हणून ती वेळ कोणी चुकवू इच्छीत नाही. परमेश्वर कालातीत आहे, त्याला वेळेचे बंधन कसले? हे टप्पे आपल्यासाठी आहेत. चंचल मनाला दिवसाचा आधार मिळावा, हाच नित्यनेमाचा हेतू होय.

या आधाराचे मोल मला घरातच कळले. माझ्या मातोश्रींना उतारवयात विस्मृती जडली. सकाळी त्या शांत असत. परंतु दिवेलागण झाली की उंबऱ्याशी जाऊन, "मला घरी पोचवा," अशी विनवणी करीत. ज्या घरात त्यांनी आयुष्यभर चूल सांभाळली, त्याच घरात! एके दिवशी मी रागाने म्हणालो, "आई, हेच तुझे घर. किती वेळा सांगू?" त्या गप्प झाल्या, पण रात्रभर निजल्या नाहीत. तो माझा अपराध होता.

वैद्यकशास्त्र सांगते की, मेंदूतील एक सूक्ष्म केंद्र शरीराचे घड्याळ चालविते आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशाने ते जुळते राहते. सजीवांच्या या घड्याळाचे रहस्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्मृतिभ्रंशात हे घड्याळही बिघडू शकते. मग दिवसा डुलक्या, रात्री जागरण आणि सायंकाळी भय. झोप मोडली की चित्त खिन्न होते, आणि उरलेली स्मृतीही साथ देईनाशी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख जनांना हा विकार आहे. तेव्हा हा हट्ट नव्हे, आणि पूर्वजन्मीचे पातकही नव्हे.

ज्यांचे आतले घड्याळ चुकले, त्यांच्यासाठी बाहेरचे घड्याळ आपण व्हावे. उजाडल्यावर त्यांना ओसरीवर कोवळ्या उन्हात बसवावे. जेवण ठरल्या वेळी द्यावे. तुळशीला पाणी घालणे, वाती वळणे, तुरीच्या शेंगा सोलणे, असे हाताच्या सवयीचे काम द्यावे. दुपारची झोप थोडकी असावी. अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावून कोणी तरी जवळ बसावे. "घरी जायचे" म्हणाल्या तर वाद घालू नये, "घरी कोण कोण होते?" असे विचारावे. पुढे मी असेच करू लागलो. मातोश्री माझे नाव विसरल्या, परंतु आरतीला टाळी वाजवायला विसरल्या नाहीत.

नेमाने व्याधी बरी होत नाही. दिवस मात्र सुसह्य होतो. एकाएकी भ्रम वाढला तर अंगारा जरूर लावावा, पण डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये. त्यामागे साधा ज्वर वा अन्य आजारही असू शकतो. आणि हा सारा भार एकट्या सूनबाईंवर टाकू नये. मुलांनी, नातवंडांनी वेळा वाटून घ्याव्यात.

आपण देवाला वेळेवर जागवितो, नैवेद्य दाखवितो, निजवितो. तीच सेवा घरच्या वृद्धांच्या ठायी घडली, तर श्रीगुरूंची भिक्षेची झोळी आपल्या दारी रिकामी परतली नाही, असे समजावे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥