मालकी आणि जबाबदारी

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे आपण सहज म्हणतो. आमचा स्मार्टफोन धडधाकट आहे; परंतु निर्मात्याने त्याची सुरक्षा-अद्यतने थांबविली आहेत. २०१६ साली सायनोजेनमॉडच्या जागी आलेली लिनिएजओएस ही मुक्त प्रणाली त्यास नवे आयुष्य देऊ शकेल. मात्र त्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते; तेव्हा आतील सारे बहुधा पुसले जाते, आणि पुढे बँकेचे ॲप चालेलच असे नाही. मग काय करावे? आम्हांस वाटते, मालकी हक्काने नव्हे, परिणाम सोसण्याच्या तयारीने सिद्ध होते. म्हणून स्वतःच्या फोनचे कुलूप आम्ही उघडू. वडिलांच्या फोनला हात लावणार नाही, कारण तेथील चुकीचे फळ त्यांना भोगावे लागेल.