घराबाहेर पडण्याचे कारण

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली, की चकल्यांच्या दुसऱ्या फेरीला एक गोष्ट हमखास निघते. ती मीच सांगायची असा संकेत आहे. सौभाग्यवती अधूनमधून दुरुस्त्या सुचवितात. गोष्ट २०२० सालच्या टाळेबंदीतली. पोलिसाने मला अडविले आणि मी खिशातली जुनी औषधाची चिठ्ठी दाखवून सहीसलामत सुटलो, एवढाच तिचा मथितार्थ. जन्मभर शाळेच्या फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ असे सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्या मास्तराने पोलिसाला बनवावे, यात गंमत आहेच. मंडळी हसतात, मीही हसतो. परंतु ही गोष्ट मी आजवर कधीच पुरी सांगितलेली नाही. फराळाच्या ताटापुढे ती पुरी सांगण्याजोगी नाही, हे एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

ते दिवस वाचकांना आठवत असतीलच. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण आमच्या पुण्यातच, ९ मार्चला सापडले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मी रस्त्यावर कबुतरे निवांत फिरू लागली. घराबाहेर पडायचे तर कारण हवे, आणि ते कारण ठरलेल्या यादीतले हवे: दूध, भाजी, किराणा, औषध, दवाखाना. माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्यांनी तर तेवढ्यासाठीही शक्यतो बाहेर पडू नये, असे सरकारचे सांगणे होते. ते सांगणे मला पटलेलेही होते. शेजारचे एक गृहस्थ उगाच कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येत, तेव्हा गॅलरीतून त्यांना मी चांगली समज दिली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या हिशेबात ते धरावे लागेल.

माझा एक जुना स्नेही नदीपलीकडे राहतो. तीस वर्षे आम्ही एकाच शाळेत शिकविले. तो गणित, मी मराठी. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी पुलावर भेटायचे, कठड्याला टेकून नदीच्या नावाखाली जे काय वाहते त्याला नावे ठेवायची आणि घरी परतायचे, हा आमचा नेम. त्याची पत्नी त्या फेब्रुवारीत गेली. मुलगी अमेरिकेहून आली, दिवसकार्य झाल्यावर परत गेली, आणि थोड्याच दिवसांत विमाने बंद झाली. दोन खोल्या, एक गॅलरी आणि हा. मी रोज फोन करी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तो म्हणाला, “मी अगदी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस.” वाचकहो, लॉटरी लागली असती तरी ‘ठीक आहे’ यापलीकडे न जाणारा हा माणूस. तो ‘मजेत’ आहे म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी चपला पायांत सरकविल्या.

सौभाग्यवती दाराशी आल्या. जाऊ नका म्हणतील असे वाटले होते, त्या म्हणाल्या, “अहो, नुसते जाऊ नका. माझी ब्लडप्रेशरची चिठ्ठी खिशात असू द्या, कुणी विचारलंच तर.” म्हणजे मी खोटे बोललो ते ऐनवेळी घाबरून नव्हे. ते घरूनच, नीट घडी घालून, वरच्या खिशात ठेवून निघालो होतो.

पुलाच्या तोंडाशी लोखंडी अडथळे लावलेले. दोन हवालदार; तोंडाला साधे रुमाल बांधलेले. माझ्यापुढे एकच माणूस होता, विशी-बाविशीचा पोरगा. पाठीवर शाळकरी मुलांची असते तशी बॅग, हातात पाण्याची बाटली, पायांत स्लिपर.

“काय रे, कुठं?”

“घरी चाललोय साहेब.”

“घर कुठंय?”

“नांदेडकडं.”

“नांदेड? चालत?”

“दुसरं काय हाय साहेब?”

“सगळ्यांना घरी बसायला सांगितलंय, कळत नाही का?”

“घरीच चाललोय की साहेब. हितं कुठं घर हाय? बांधकामावर राहत होतो, ते बंद झालं.”

मागे दूधवाला उभा होता, तो हसला. पोराने विनोद केला नव्हता. परंतु हशा झाला की ज्याच्यावर तो झाला असे वाटते त्याला राग येतो. हवालदाराला वाटले, पोरगा उलट बोलतो. कान धरून वीस उठाबशा काढायला लावल्या. पाठीवरची बॅग प्रत्येक बैठकीला डोक्यावर आपटत होती. दहा-बारानंतर त्याने ती काढून ठेवली आणि पुन्हा कान धरले. आकडा तो स्वतःच मोजत होता, मोठ्याने.

मग माझी पाळी. “काका, या वयात कशाला बाहेर पडलात?” सूर एकदम बदललेला, वडीलधाऱ्याशी बोलावे तसा. मी “औषध” म्हटले आणि चिठ्ठी पुढे केली. त्याने ती हातातही घेतली नाही. तारीख डिसेंबरची होती, नाव एका बाईचे होते, आणि जवळच्या औषधाच्या दुकानावरून मी नुकताच पुढे आलो होतो. “जा, पण लवकर परत या. ऊन वाढतंय.” अडथळा बाजूला झाला. पोराला मागे फिरायला सांगितले होते. तो बाटली शोधत होता.

फराळाला मी सांगतो त्या गोष्टीत हा पोरगा नसतो.

आता खोटे बोलण्याविषयी. या विषयावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि त्या दिवसांत मला वाचायला वेळही पुष्कळ होता. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेला हा ब्राह्मण. जीव वाचवायला रानात शिरलेली माणसे कुठे गेली, असे दरोडेखोरांनी विचारताच याने खरी वाट दाखविली. माणसे मेली, आणि कौशिक आपल्या सत्यासकट नरकात गेला. याच्या अगदी उलट जर्मन तत्त्वज्ञ कांट. १७९७ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात तो म्हणतो, की मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारात येऊन ‘तो घरात आहे काय’ असे विचारू लागला, तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. कॉलेजात असल्यापासून या वादात मी कौशिकाच्या विरुद्ध आणि कांटच्याही विरुद्ध होतो. पण माझ्या प्रसंगाला दोन्ही दाखले कुचकामी. प्रश्न विचारणारा ना दरोडेखोर होता, ना खुनी. तो माझा जीव वाचविण्यासाठी उन्हात उभा होता. २०२० साल संपेपर्यंत एकट्या महाराष्ट्रात दोनशेहून अधिक पोलीस या रोगाने गेले. त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता, आणि रास्त आहे हे मला ठाऊक होते.

पुणेकराला अशा वेळी १८९७ साल आठवल्यावाचून राहत नाही. टाळेबंदीला आधार मिळाला तो साथरोगांचा कायदाही त्याच वर्षीचा, मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला. त्याचे हुकूम मोडणाऱ्याला तेव्हा दंड संहितेच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा होती. त्या साली पुण्यात घरोघर गोरे सोल्जर शिरत, देवघरापर्यंत जात, आजारी माणसांना उचलून नेत. आमच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांतून, ताप भरलेल्या पोराला कोनाड्यात दडवून ‘घरात कुणी आजारी नाही’ असे सांगणाऱ्या आज्यांच्या गोष्टी आम्ही ऐकत वाढलो. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो त्याच संतापाचा स्फोट. त्या आज्यांचे खोटे आम्हाला कधी खोटे वाटलेच नाही. (प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे सिमाँने कराचीत दाखविले ते १८९८ साली, म्हणजे दडविणारे आणि शोधणारे दोघेही अंधारातच चाचपडत होते.) पुलावर उभा असताना मी मनातल्या मनात त्या आज्यांचा वारस होऊ पाहिले, हे कबूल करतो. पण जमेना. माझ्यापुढचा हवालदार परका नव्हता. माझ्याच शाळेतल्या मागच्या बाकावरून उठून आल्यासारखा होता.

म्हणजे कायदा जुलमी म्हणून मी तो मोडला, असे म्हणण्याची सोय नाही. बरे, मोडायचाच तर उघड मोडावा आणि होईल ती शिक्षा घ्यावी, ही गांधीजींची रीत आमच्या पिढीने निबंधस्पर्धांतून घोकलेली. ‘मित्र एकटा आहे, त्याला पाहायला चाललो आहे, आपण सोडत नसाल तर परत फिरतो,’ इतके बोलण्याला कितीसे धैर्य लागते? मला कोणी उठाबशा काढायला लावल्या नसत्या. फार तर परत फिरावे लागले असते, आणि मला परत फिरायचे नव्हते. कांट आणखी एका ठिकाणी, १७८५च्या ग्रंथात, सांगतो की कर्तव्य मोडताना आपल्याला आपले वागणे सर्वांचा नियम व्हावे असे मुळीच वाटत नसते. नियम सर्वांना लागू राहावा आणि आपल्यापुरता अपवाद व्हावा, एवढेच आपल्याला हवे असते. त्या खुन्याच्या दाखल्यात मी कांटशी भांडलो, पण इथे त्याने मला गॅलरीत उभा असलेला पकडला, शेजाऱ्याला समज देताना.

तरीही, मित्राकडे गेलो याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या यादीत दूध बसते आणि माणूस बसत नाही, ती यादी साथीच्या दृष्टीने कितीही बरोबर असली तरी अपुरी आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. मला टोचते ते निराळेच. पुलावर त्या सकाळी दोन उत्तरे दिली गेली. एक शब्दन् शब्द खरे होते, आणि ‘घरी राहा’ या आज्ञेचे पालन करायला निघालेला तिथे तो एकटाच होता. दुसरे आधीपासून बेतलेले खोटे. खरे उत्तर हसण्यावारी गेले आणि त्याला शिक्षा मिळाली. खोट्या उत्तराला ‘ऊन वाढतंय’ म्हणून काळजीचे शब्द मिळाले. चिठ्ठीत असे काय होते? काहीच नाही, ती कुणी वाचलीच नाही. वाचले गेले ते माझे पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, चष्म्याची काडी आणि सदाशिव पेठेतले शुद्ध ‘औषध’. हवालदाराने तरी काय करावे? अर्ध्या मिनिटात एकेक माणूस पारखायचा, तर कपड्यांवरूनच. मला ते कळत होते, आणि कळत होते म्हणूनच मी निर्धास्त होतो. माझे खोटे चालेल याची खात्री मला होती. माझ्या सत्तर वर्षांच्या पुण्याईने, म्हणजे खरे पाहता माझ्या जन्माने आणि पेन्शनने, ती मला दिली होती. त्या पोराजवळ तसे काही शिलकीत नव्हते. होते ते फक्त खरे.

आणि त्या वीस उठाबशा होईपर्यंत मी गप्प उभा होतो. ‘अहो, तो थट्टा करीत नाही, खरेच सांगतो आहे,’ एवढे वाक्य एका मास्तराच्या तोंडून आले असते तर हवालदाराने ऐकले असते. काका म्हणाला होता तो मला. पण बोललो असतो तर लक्ष माझ्याकडे वळले असते, आणि माझ्या खिशात डिसेंबरची चिठ्ठी होती. खोट्याला गप्प बसण्याची गरज असते, हे फळ्यावर लिहायचे राहून गेले.

मित्राच्या घराखाली पोहोचलो. हाक मारली तसा तो गॅलरीत आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणे वरखाली लागलेली. वर येऊ का म्हटले तर नको म्हणाला. साथीची भीती त्याला माझ्यासाठी वाटत होती. मग मी खाली, तो वर, असे अर्धा तास उभे राहिलो. बोललो अगदी थोडे. निघताना त्याने विचारले, “पोलिसांना काय सांगितलंस?” मी सांगितले. तो गणिताचा मास्तर म्हणाला, “औषधच ना? मग खोटं कुठं बोललास?” आणि त्या महिन्यात पहिल्यांदा, असे त्याने मला मागून सांगितले, तो हसला. त्याने मला सुटका देऊ केली होती. मलाही ती घ्यावीशी फार वाटली.

परतताना पुलावर तोच हवालदार. “मिळालं का औषध, काका?” “मिळालं,” मी म्हणालो. मग धीर करून विचारले, “तो मघाचा मुलगा?” “कुठला?” “नांदेडचा.” त्याने रुमाल सरसा केला. “फिरवला मागं. जाणार कुठं? जिल्ह्याच्या हद्दी बंद आहेत. आम्हाला तरी कुठं बरं वाटतंय काका?” त्याचे डोळे लाल होते. त्या माणसावर रागावणे मला साधले नाही.

पुढे ८ मेच्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्यातल्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारे. माझ्या पोराचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, हे वर्तमानपत्राच्या पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट होते. तरी नावांची यादी मी शेवटपर्यंत वाचली. वाचून उपयोग नव्हता. त्याचे नाव मी विचारलेच नव्हते.

त्या दिवाळीला, साथ जरा ओसरल्यावर, मित्र आमच्याकडे फराळाला आला आणि चिठ्ठीची गोष्ट त्यानेच प्रथम काढली. सगळे इतके दिवस हसायचे विसरले होते; मी ती रंगवून सांगितली, पोरगा वगळून. तेव्हापासून ती तशीच चालत आली आहे. यंदाही निघेल. कोणीतरी नवा जावई विचारील, “पण चिठ्ठी वाचली का हो पोलिसानं?” सौभाग्यवती म्हणतील, “नाही हो, हातातसुद्धा घेतली नाही.” मग सगळे माझ्याकडे पाहतील, आणि चकल्यांचे ताट पुढे सरकेल.