सोळा तासांवरचे कर्तव्य

मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १५-१६ तास लागतात. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने कमी. बोटीच्या काळात हाच प्रवास काही आठवड्यांचा होता. आईच्या अंत्यविधीला मुलगा पोचला नाही, तर कुणी दोष देत नसे. जे शक्यच नाही ते कर्तव्यही नाही, हे कांटच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व न वाचताही सर्वांना मान्य होते. विमानाने ती सबब काढून घेतली. आता न येणे हा निर्णय ठरतो. पण वेळापत्रकातले तास सर्वांना सारखेच खुले नसतात. कुणाला रजा नाही, कुणाकडे तिकिटाचे पैसे नाहीत, कुणाला व्हिसामुळे परत जाता येईल की नाही याची धास्ती. म्हणून दोष देण्याआधी विमानाला लागणारा वेळ नव्हे, त्या माणसाला खरोखर काय शक्य होते ते पाहावे.