सुधारणे, तपासणे, बरे होणे

मी रोज सकाळी कळव्याहून स्लो लोकल पकडते. बसायला जागा मिळत नाही, हे वेगळं सांगायला नको. एका हातात वरचं हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये स्पॅनिशचा धडा. एकदा एका वाक्यापाशी अडकले: ‘मला माझं स्पॅनिश सुधारायचं आहे.’ मराठीत एका ‘सुधारणे’वर भागतं. स्पॅनिशमध्ये चार क्रियापदं रांगेत उभी होती.

‘मेखोरार’ म्हणजे आहे त्यापेक्षा चांगलं करणं किंवा होणं. त्याच्या पोटात ‘मेखोर’, म्हणजे ‘अधिक चांगलं’, हा शब्दच आहे. ‘पेर्फेक्सिओनार’ म्हणजे मुळात जमत असलेल्या गोष्टीवर शेवटचा हात फिरवून ती पूर्णत्वाला नेणं. ‘कोरेखिर’ म्हणजे चूक दुरुस्त करणं, शिक्षक वह्या तपासतात तसं. आणि ‘आरेग्लार’ म्हणजे बिघडलेली वस्तू नीट करणं: पंखा, नळ, सायकल. माझ्या वाक्यात पहिली दोन्ही चालतात. पण माझ्यासारख्या नवशिकीने ‘पेर्फेक्सिओनार’ म्हणणं जरा जास्तच होतं.

हा फरक व्याकरणात मला लगेच कळला. घरात कळायला आठ महिने लागले.

गेल्या वर्षी बाबांना स्ट्रोक आला. हातपाय सावरले, बोलणं अडखळलं. याला अफेजिया म्हणतात. मेंदूतल्या भाषा सांभाळणाऱ्या भागाला (बहुतेकांच्या बाबतीत तो डाव्या बाजूला असतो) इजा झाली की माणसाला शब्द सापडत नाहीत. बुद्धी मात्र शाबूत राहू शकते. बाबांना चहा हवा असायचा आणि तोंडून ‘चावी’ यायचं. मी म्हणायचे, “चावी नाही बाबा, चहा. म्हणा, चहा.” ते म्हणायचे. मी अजून एकदा म्हणायला लावायचे. मगच कप हातात द्यायचे.

मला वाटत होतं, मी त्यांचं बोलणं सुधारतेय. हळूहळू ते माझ्याकडे काही मागेनासे झाले. आई घरी येईपर्यंत थांबायचे. त्यांनी ‘चावी’ म्हटलं की आई मुकाट्याने आधण ठेवायची.

शेवटी स्पीच थेरपिस्टने सांगितलं, अर्थ कळला असेल तर आधी उत्तर द्या. प्रत्येक शब्द तपासत बसलात तर ते बोलणंच सोडतील. तेव्हा लक्षात आलं, मी बाबांना वहीसारखं तपासत होते, पंख्यासारखं उघडून बसले होते.

मग दुसऱ्याला सुधारायला जाऊच नये का? महाराष्ट्रात तरी असं म्हणणं सोपं नाही. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘सुधारक’. बालविवाह, विधवांचं केशवपन यांविरुद्ध ते लिहीत राहिले, लोकांचा रोष पत्करून. असं लिहिणारं कुणी नसतं, तर त्या गप्प बसण्याची किंमत लहान मुलींनी आणि विधवांनी मोजली असती. मला फरक इथे दिसतो. एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्यावर अन्याय होत असेल, तर तिथे ‘कोरेखिर’च हवं, तेही ठणकावून. पण बाबांच्या ‘चावी’ने कुणाचं काय बिघडत होतं? धीर माझ्याकडे नव्हता आणि दुरुस्ती मी त्यांची करत होते.

स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला आजारपणात म्हणतात, ‘के से मेखोरे’. शब्दशः घेतलं तर, ‘तुम्ही स्वतः अधिक चांगले व्हावं.’ कर्ता आजारी माणूसच. बोलणाऱ्याच्या हातात फक्त इच्छा. आपलं ‘बरे व्हा’ तर याहून नम्र. ‘बरं’ म्हणजे उत्तम नव्हे, चालण्यासारखं, पुरेसं. ‘पूर्वीसारखे व्हा’ अशी अटसुद्धा त्यात नाही.

काल संध्याकाळी बाबा म्हणाले, “चावी.” मी चहा टाकला. त्यांनी एक घोट घेतला.

“कसा झालाय?”

ते थोडा वेळ शब्द शोधत राहिले. मी थांबले.

“बरा,” ते म्हणाले.

शब्द अगदी बरोबर होता. साखर घालायला मीच विसरले होते.