हौसेचे संकट आणि परक्याचे कर्तव्य

दौंडास भीमेकाठी राहणाऱ्या आम्हांस समुद्र बहुधा नकाशातच भेटतो. तथापि समुद्रावरील एका विपत्तीने जो प्रश्न उपस्थित केला, तो आमच्या नदीकाठीही तितकाच खरा आहे. जो मनुष्य आपल्या हौसेने संकटात पडला, त्याच्यासाठी दुसऱ्याने आपला जीव धोक्यात का घालावा?

नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे जुलै २०१८ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून गोल्डन ग्लोब शर्यतीस निघाले. शिडाच्या नौकेतून एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची, असा तिचा नेम. गोव्यात बांधलेली त्यांची 'तुरीया' २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडली. डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीस जबर इजा होऊन ते नौकेतच बिछान्यास खिळले. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली.

कोणी म्हणेल, कोकणचा कोळी पोटासाठी समुद्रात जातो; त्याला वाचविणे हे कर्तव्यच होय. हौसेचे मोल मात्र ज्याचे त्याने द्यावे. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु भीमेला पूर आला असता दोर घेऊन धावणारा मनुष्य, बुडणारा पाण्यात का उतरला, याची चौकशी करीत बसत नाही. १९८२ चा आंतरराष्ट्रीय सागरी करारही ती करीत नाही. मात्र स्वतःच्या जहाजास वा त्यावरील माणसांस गंभीर धोका असेल, तर तो कप्तानास या कर्तव्यातून मोकळे करतो.

या मोकळिकीचा आधार ग्रेगर मॅकगकिन या आयरिश प्रतिस्पर्ध्यास सहज घेता आला असता. त्याच वादळाने त्याच्याही डोलकाठ्या मोडल्या होत्या. तरी तात्पुरते शीड उभारून तो टॉमींच्या दिशेने वळला. फ्रेंच जहाज आधी पोहोचले, म्हणून त्याच्या वळण्याची किंमत कमी होत नाही. कायद्याने जेथे सूट दिली, तेथे त्याने ती नाकारली.

टॉमी २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीस गेले व २०२३ मध्ये दुसरे आले. ही कृतघ्नता म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. घरी बसून राहिल्याने उपकार फिटत नाहीत. मात्र इतरांनी वाचविलेले आयुष्य सर्वस्वी आपले एकट्याचे राहत नाही. पुढे कोणाची हाक ऐकू आली, तर आपली शर्यत सोडून तिकडे वळण्यास असा मनुष्य बांधला गेलेला असतो. हौसेचे मोल द्यावयाचेच, तर ते असे द्यावे.