अन्वाहित: नव्या दुकानाचे ईमेल आणि ठेवीचा धर्म

नव्या छोट्या व्यवसायाने आपले ईमेल कोणाकडे ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता महिन्याचे भाडे आणि मिळणारी जागा यांच्या हिशेबापुरताच वाटतो. परंतु त्याच्या तळाशी धर्मशास्त्राने फार पूर्वी हाताळलेले दोन प्रश्न आहेत. पहिला स्वत्वाचा, म्हणजे एखादी वस्तू ‘आपली’ असते ती कशामुळे. आणि दुसरा निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेल्या ठेवीचा.

चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द 1076 ते 1126) याच्या काळात कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तीत तो स्वत्व हे लौकिक आहे, शास्त्रावरून कळणारे नाही, असे प्रतिपादन करतो. कारण शास्त्राचा गंधही नसलेले सीमेवरचे लोक खरेदी-विक्री करतात, तेव्हा आपले काय आणि परके काय हे त्यांना ठाऊक असतेच. पुढे रघुनाथ शिरोमणी या नव्यनैयायिकाने, म्हणजे नव्यन्याय परंपरेतल्या तर्कपंडिताने, ‘इच्छेप्रमाणे वापरता येते ते आपले’ ही सोपी व्याख्या पुरत नाही, कारण परक्याचे अन्नही खाता येतेच, असे दाखवून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच, म्हणजे दुसऱ्या कशात न मोडणारा वेगळा प्रकारच, मानला. रघुनाथाचा हा आक्षेप ईमेलच्या पत्त्याला चपखल बसतो. फुकट मिळालेला पत्ता दुकानदार वर्षानुवर्षे हवा तसा वापरतो, पाटीवर रंगवतो, पिशवीवर छापतो. तरीही तो त्याचा होत नाही. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी निवडलेल्या @ या चिन्हाच्या डावीकडे राहणाऱ्याचे नाव असते आणि उजवीकडे घराचे. ते घर दुसऱ्याचे असेल तर डावीकडचा माणूस बिऱ्हाडकरूच राहतो.

उजवीकडचे हे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावे नोंदवता येते. तेही कायमचे विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांच्या बोलीने मिळते. पण ते विकता येते, दुसऱ्याला देता येते, एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेता येते, आणि विज्ञानेश्वराच्या लौकिक कसोटीला एवढे पुरेसे ठरावे. शिवाय डोमेनच्या नोंदीत एमएक्स रेकॉर्ड नावाची एक ओळ असते; या नावाने आलेली पत्रे कोणत्या सर्व्हरवर उतरवावीत, एवढेच ती सांगते. ती ओळ बदलली की टपाल नव्या कंपनीकडे जाऊ लागते आणि पाटीवरचा पत्ता तसाच राहतो. मात्र ही नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर केलेली असेल (आणि असे सर्रास होते), तर मालकाच्या हाती बिले तेवढी उरतात.

नाव स्वतःकडे राहिले तरी पत्रे कोणाकडे तरी ठेवावीच लागतात, आणि येथे निक्षेपाचा विचार सुरू होतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ठेव कोणाकडे ठेवावी याचे निकष आहेत: कुलीन, सदाचारी, धर्म जाणणारा, सत्यवचनी, मोठ्या गोतावळ्याचा आणि सधन. कुळाची अट आज कोणी मानणार नाही, पण उरलेल्या अटी ईमेल कंपनीला लावून पाहण्यासारख्या आहेत. ज्याचे पोट ठेवीदाराने दिलेल्या मोबदल्यावर चालते त्याला ठेवीत हात घालण्याचा मोह कमी, म्हणून भाडे घेणारी सेवा फुकट सेवेपेक्षा अधिक विश्वासार्ह मानावी.

याज्ञवल्क्य उपनिधी नावाचा एक प्रकार सांगतो: पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता दिलेली ठेव. सामान्य ईमेल वाटेत कुलूपबंद असते, परंतु कंपनीच्या घरी त्या कुलपाची किल्ली बहुधा कंपनीकडेच असते. म्हणून ते उपनिधी नव्हे, डोळ्यांसमोर मोजून दिलेला निक्षेप आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ठेवून घेणारा दोषी नाही, असे याज्ञवल्क्य म्हणतो, आणि आजचे सेवाकरारही जवळपास तेच म्हणतात. पण मागूनही परत दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर ही सूट उरत नाही. त्यामुळे सेवा निवडताना विचारायचा खरा प्रश्न सगळी पत्रे एका दिवसात उतरवून घेता येतील का, हा आहे.

या साऱ्या विवेचनातला सर्वांत मोलाचा शब्द मात्र ‘अन्वाहित’ हा आहे. एकाने ठेवून घेतलेली वस्तू त्याने पुढे तिसऱ्याच्या हाती, मूळ मालकाला दे असे सांगून सोपवली, तर तिला अन्वाहित म्हणतात, आणि तिलाही उपनिधीचेच नियम लागू होतात. वेंगुर्ल्यात काजूगर विकणारे नवे दुकान घेतले, तर त्याच्या ईमेलपेटीत गिऱ्हाइकांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, पैसे भरल्याच्या पावत्या साठतात. ही मालमत्ता दुकानाची नाही. गिऱ्हाइकाने ती दुकानाकडे ठेवली आणि दुकानाने कंपनीकडे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा भारतीय कायदाही, माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्यावरच जबाबदारी ठेवतो. प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी ती टळत नाही.

मग सर्व्हर स्वतःच चालवावा, हा स्वावलंबी विचार मनात येतो. तो आकर्षक असला तरी छोट्या दुकानाला पेलणारा नाही; कारण पत्र पोचणे हे धाडणाऱ्याइतकेच घेणाऱ्याच्या विश्वासावर अवलंबून असते आणि अनोळखी सर्व्हरची पत्रे सहज स्पॅममध्ये पडतात. या नावाने पत्र पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे ते सांगणारी एसपीएफ नोंद आणि पत्रावर उमटणारी डीकेआयएम सही या दोन गोष्टी मात्र कोणत्याही व्यवस्थेत पहिल्याच दिवशी करून घ्याव्यात.

तेव्हा नाव मालकाच्या स्वतःच्या खात्यावर, पत्रे भाडे घेणाऱ्या कंपनीकडे आणि त्यांची एक प्रत दुकानातल्या डिस्कवर, ही व्यवस्था सर्वांत रास्त. नूतनीकरणाची तारीख जमाखर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहावी. कारण मुदत संपून रजिस्ट्रारने डॉट कॉम नाव वगळले की ते सोडवून घ्यायला 30 दिवस मिळतात, त्यानंतरच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही, आणि मग ते पहिल्याने मागेल त्याचे होते.